अर्ध्यावर थांबलेली टाळी

२०२५च्या महाशिवरात्रीला जामठ्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला. विदर्भ विरुद्ध केरळ. दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारीला, मी रजा टाकली आणि सकाळीच वर्ध्याहून नागपूरची एसटी धरली. पवनार, सेलू, केळझर. रस्त्याच्या कडेचे पळस फुलले होते, गहू पिवळा पडत होता. पिशवीत पोळ्या, झुणका आणि चार संत्री. जामठा नागपूर जिल्ह्यात असलं तरी ते वर्धा रोडवर आहे, त्यामुळे आम्हा वर्धेकरांना ते मैदान घरचंच वाटतं.

जायचं कारण साधं होतं. आपल्या वर्ध्याचा दर्शन नळकांडे विदर्भाकडून गोलंदाजी करणार होता. विदर्भाचा डाव ३७९ वर संपला, दर्शनच्या हाती नवा चेंडू आला आणि केरळचे दोन्ही सलामीवीर त्याने बाद केले. मी घसा बसेस्तोवर ओरडलो. गावचा पोरगा डोळ्यांसमोर एवढं करतो, तेव्हा माणूस खुर्चीवर बसून राहूच शकत नाही.

मग आदित्य सरवटे खेळत राहिला.

हा नागपूरचा मुलगा. २०१९ साली याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने अकरा बळी घेतले होते. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच घालवलं, एकदा एकावर, एकदा शून्यावर. विदर्भ ७८ धावांनी जिंकला आणि सलग दुसऱ्यांदा करंडक इथे राहिला. तोच सरवटे या मोसमात केरळकडून खेळत होता आणि आपल्याच जुन्या सोबत्यांच्या गोलंदाजीसमोर पाय रोवून उभा होता.

त्याचं अर्धशतक झालं तेव्हा माझे हात वर आले, आणि अर्ध्यावरच थांबले. मागून कुणीतरी त्याला उद्देशून वाईट बोललं. मी त्यात नव्हतो, पण टाळीही वाजवली नाही. माझ्या शेजारी धोतर-टोपीतले एक आबा नातवाला घेऊन बसले होते. ते मात्र उठून उभे राहिले आणि सावकाश, मनापासून टाळ्या वाजवू लागले. नातू गोंधळला.

“आबा, तो तर त्यायच्याकडचा आहे ना? मंग टाळ्या काहून वाजवता?”

“अरे बाबू, चांगला खेळून राह्यला ना पोरगा.”

एवढंच. आबा खाली बसले, डब्यातला पोळीचा घास मोडून त्यांनी नातवाला दिला.

मला आमच्या आर्वीच्या मास्तरांची आठवण झाली. त्यांचा मुलगा स्कॉटलंडला असतो. २०२२च्या जुलैमध्ये त्याने वडिलांना सेंट अँड्र्यूजला नेलं होतं, गोल्फची मोठी स्पर्धा पाहायला. ‘द ओपन’ची ती १५०वी खेप, सरावाचे दिवस धरून त्या आठवड्यात सुमारे दोन लाख नव्वद हजार लोक आले होते. मास्तरांना गोल्फमधलं काही कळत नाही. पण परतल्यावर ते कितीतरी दिवस एकच गोष्ट सांगत राहिले. तिथले प्रेक्षक खेळाडूंच्या मागोमाग मैलोन्‌मैल चालतात. खेळाडू फटका मारायला उभा राहिला की हजारो माणसं श्वास रोखल्यासारखी गप्प होतात, मग तो खेळाडू कुणाचाही असो. शेवटच्या दिवशी सगळ्यांना रोरी मॅकिलरॉय जिंकायला हवा होता. जिंकला ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन स्मिथ, त्या दिवशी ६४ फटक्यांत फेरी संपवून. “लोकांचे चेहरे पडले होते,” मास्तर म्हणाले, “पण हात थांबले नाहीत.”

गप्प मीही बसलो आहे, याच जामठ्यात. १२ मार्च २०११, विश्वचषकातला दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना. सचिनच्या १११ धावा, भारत एक बाद २६७, आणि तिथून अवघ्या २९ धावांत नऊ गडी गेले. शेवटच्या षटकात त्यांना तेरा हव्या होत्या. रॉबिन पीटरसनने चौकार, षटकार, दोन धावा आणि पुन्हा चौकार मारून दोन चेंडू राखून सामना संपवला. असा शेवट क्वचितच पाहायला मिळतो. आणि आम्ही हजारो माणसं पाठ फिरवून फाटकाकडे निघालो. सेंट अँड्र्यूजची शांतता समोरच्या खेळाडूसाठी होती. आमची शांतता आम्ही त्याला नाकारलेली दाद होती. बूटिबोरीपर्यंत आमच्या गाडीत कुणी बोललं नव्हतं, तरी तेव्हा मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तिकीट काढून, रजा टाकून, एवढ्या लांब जाऊन माणूस सामना पाहतो तो आपली बाजू जिंकावी म्हणून, हे खरंच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. दर्शनसाठी मी पुन्हा तसाच ओरडेन. मला खुपतंय ते एवढंच की माझे हात आपणहून वर आले होते. चांगला खेळ त्यांनी माझ्याआधी ओळखला होता. मीच त्यांना आवरलं, कारण आजूबाजूचे काय म्हणतील याचा विचार आधी आला.

दिवसाचा खेळ संपला तेव्हा केरळ तीन बाद १३१, सरवटे नाबाद ६६. तो बॅट काखेत धरून परत निघाला. आबा उभे राहिले. त्यांच्याबरोबर नातू उभा राहिला, आणि या वेळी मीही. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यापर्यंत पोचल्या असतील की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मोबाइलवर पाहिलं, हर्ष दुबेच्या चेंडूवर तो ७९ वर बाद झाला होता. केरळ ३४२ वर आटोपलं, ३७ धावांची आघाडी विदर्भाकडे राहिली आणि रविवारी त्याच आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आपल्याकडे आला. सरवटे बाद झाल्याचा मला आनंद झाला, अगदी मोकळ्या मनाने झाला.