लेकानं ऐकलेली आई

बहिणाबाई चौधरी कवयित्री म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. आज त्यांच्यातल्या आईची आठवण काढू या.

१८८० साली जळगावजवळच्या असोद्यात त्यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात लग्न, तिशीतच वैधव्य आणि पदरात तीन लेकरं. त्यातच प्लेगनं मुलगा ओंकारला कायमचं अपंगत्व आलं. पण माउलीनं कंबर कसली. जात्याचा खुंटा आणि शेतातला विळा हातातून सुटला नाही, तशी ओठांवरची ओवीही थांबली नाही. अक्षरओळख नसलेल्या आईचे ते बोल लेक सोपानदेव यांनी टिपून ठेवले. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं ते बोल पुस्तकरूपानं महाराष्ट्रासमोर आले.

घराघरांत अशा आया आणि आज्या आहेत. लेकरांना, नातवंडांना घास भरवताना त्या म्हणी, औषधं, गावाकडच्या गोष्टी सहज सांगून जातात, आणि आपण ‘हो, हो’ म्हणत उठतो. त्या गेल्यावर फोटोला हार घालण्याआधी, त्या आहेत तोवर त्यांचं ऐकू या. आज दहा मिनिटं आजीजवळ बसा, तिला बोलतं करा आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत वहीत उतरवा.