आडपडद्यामागचा फासा

'आडपडदा न ठेवता बोला' असे आपण एकमेकांस सांगतो, तेव्हा आडपडदा हा दोषच होय हे आपण गृहीत धरलेले असते. तथापि असाही एक खेळ आहे की ज्यात आडपडदा मेजावर सर्वांदेखत उभा केला जातो आणि त्याच्या आड बसलेल्या माणसावर इतरांनी विश्वास ठेवायचा असतो. त्या विश्वासाची मर्यादा कोणती, हा प्रश्न आम्हांला केवळ खेळापुरता वाटत नाही.

अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला आणि पात्र होऊन खेळण्याचा एक नवाच प्रकार रूढ झाला. त्यातूनच पुढे १९८१ साली सँडी पीटरसन यांनी 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथेचा खेळ रचला. नाव एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या कथेचे. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. कोणी प्राध्यापक होतो, कोणी वार्ताहर, कोणी डॉक्टर. एक जण सूत्रधार असतो. पडके घर, बेपत्ता झालेला माणूस, तळघरातून येणारा आवाज, हे सारे तो नुसत्या शब्दांनी उभे करतो. पात्राचा प्रयत्न साधला की फसला, हे मात्र तो ठरवत नाही. ते दहा बाजूंचे दोन फासे ठरवतात, एक दशकाचा आणि दुसरा एककाचा. पात्राच्या मानसिक स्थैर्यालाही एक आकडा असतो; भयंकराचे दर्शन घडले की तो उतरत जातो.

सूत्रधाराच्या पुढ्यात जाड पुठ्ठ्याचा, तीन-चार घड्यांचा पडदा असतो. बाहेरच्या बाजूस अंगावर काटा आणणारे चित्र, आतल्या बाजूस नियमांचे तक्ते. त्याच्या आड नकाशे, टिपणे, आणि काही वेळा फासेही.

फासे आड का टाकावेत? याचे उत्तर या खेळातच चांगले सापडते. समजा, वाड्याचा म्हातारा रखवालदार काही सांगतो आहे आणि तो खोटे बोलतो की काय, हे एका पात्राला जोखायचे आहे. फासा उघड्यावर पडला आणि अपयश दिसले, तर खेळणाऱ्याला ताबडतोब कळते की आपला अंदाज भरवशाचा नाही. मग जोखण्याला अर्थ उरत नाही. म्हणून सूत्रधार फासा आड टाकतो आणि एवढेच म्हणतो, ''माणूस प्रामाणिक दिसतो.'' हे वाक्य खोटे असू शकते, आणि ते खोटे असू शकते हे मेजावरच्या प्रत्येकास ठाऊक असते. संत ऑगस्टीन यांनी असत्यावर लिहिताना थट्टेला लबाडीच्या यादीतून वगळले, कारण बोलणाऱ्याच्या सुरावरूनच फसविण्याचा हेतू नाही हे उघड होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तर दुसऱ्याला संकटातून सोडविण्यासाठीही खोटे बोलण्यास मुभा दिली नाही. परंतु सत्य विवेकाने झाकून ठेवण्यास त्यांची ना नव्हती. झाकणे निराळे, फसविणे निराळे. पुठ्ठ्याचा पडदा झाकतो, आणि आपण झाकतो आहोत हे स्वतःच्या उभे राहण्याने जाहीर करतो. काही सूत्रधार तर काही कारण नसताना आड फासे खुळखुळवतात, केवळ समोरच्यांच्या उरात धडकी भरावी म्हणून. त्यालाही आम्ही आक्षेप घेणार नाही. पत्त्यांच्या डावात चेहरा कोरा ठेवण्याइतकेच ते निर्दोष आहे.

अडचण येते ती पुढे. फासा आड पडला, आकडा दिसला, तो मरणाचा आहे, आणि सूत्रधार दुसराच आकडा सांगतो.

या कृत्याला मोठ्यांचा आधार नाही असे नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात सूत्रधाराला फासा डावलण्याचा अधिकार दिला. नीट, सावधपणे खेळणाऱ्याचे पात्र केवळ दुर्दैवाने मरत असेल, तर त्याला मारण्याऐवजी बेशुद्ध करावे, फार तर एखादा अवयव जावा, असे त्यांचे म्हणणे. मूर्खपणाने मरणाऱ्यास मात्र सूट नाही! सल्ला माणुसकीचा आहे. महिनोन्महिने जपलेले पात्र एका आकड्यापायी गेले की खेळणाऱ्याचा चेहरा उतरतो, आणि तो चेहरा समोर असताना पुठ्ठ्याआड आकडा बदलणे किती सोपे! कादंबरीकार नाही का आपल्या नायकाला वाचवत?

वाचवतो. पण कादंबरीकार वाचकासमोर फासे टाकत नाही. पडद्याआडून येणारा तो खुळखुळाट ही एक साक्ष असते: इथे माझ्या इच्छेबाहेरचे काही ठरते आहे, अशी. आकडा फिरवला की ती साक्ष खोटी पडते, आणि ही खोटी साक्ष थट्टेच्या सुरात दिलेली नसते. ती खरी मानली जावी हाच तिचा हेतू असतो. तो खेळाडू पुढे कित्येक दिवस मित्रांना सांगत राहतो की त्या रात्री मी थोडक्यात वाचलो. ज्या धोक्याला तो सामोरा गेला म्हणतो, तो धोका त्याच्या नकळत काढून घेतलेला होता.

आणि दया तरी कोणावर? मेजावर पाच जण असतात. ज्याचा चेहरा अधिक उतरतो, ज्याच्याशी घरोबा आहे, त्याचा आकडा फिरतो. मुकाट्याने खेळणाऱ्याचा फिरत नाही. आड केलेल्या दयेला कोणी जाब विचारू शकत नाही, म्हणून ती पक्षपाताच्या फार जवळ जाते. हाताची तीच हालचाल खलपात्राला निसटू देण्यासाठीही पुरते.

भयाच्या खेळात ही गोष्ट विशेष बोचते. लव्हक्राफ्ट यांच्या कथांतील भय नेहमीच्या भुताखेतांचे नव्हे. विश्वाला माणसाशी काही देणेघेणे नाही, हे ते भय आहे. आमची श्रद्धा निराळी आहे हे सांगणे नलगे. परंतु त्या कथाविश्वात फासा हाच त्या बेपर्वाईचा खरा प्रतिनिधी, कारण तो कोणाचाच मिंधा नसतो. सूत्रधाराने आकडा फिरवला की त्या निर्मनुष्य विश्वात एकदम एक मामा येऊन बसतो. मग भ्यावयाचे कशाला?

यावर कोणी म्हणेल, खेळणारी खरीखुरी माणसे आहेत आणि भय कधी कधी खरोखरच जिव्हारी लागते. हे अगदी मान्य. ज्याच्या घरी नुकतेच मूल दगावले आहे, त्याच्यापुढे दगावलेल्या मुलाचे वर्णन रंगवणे हे क्रौर्य होय, मग फासा काहीही म्हणो. पण त्यासाठी पडद्यापुढे यावे लागते. रॉन एडवर्ड्स यांनी २००३ साली त्याकरिता रेषा आणि पडदे अशी भाषा सुचविली. रेषा म्हणजे जे कथेत येणारच नाही ते. पडदा म्हणजे जे घडेल पण वर्णिले जाणार नाही ते. आणि हे सर्वांनी बोलून ठरवायचे. हाही पडदाच, पण सर्वांनी मिळून ओढलेला. ''हा आकडा आपण मानू नये असे मला वाटते,'' असे सूत्रधार उघड म्हणाला, तरी कोणाची फसवणूक होत नाही. खेळणारा 'बरे' म्हणेल, किंवा आपले पात्र मरू देईल. निवड त्याची राहील.

२००५ साली एपिडाया रॅव्हाचॉल यांचा 'ड्रेड' नावाचा भयाचा खेळ आला. त्यात फासे नाहीत. मेजाच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, जेंगाचा. पात्राला काही अवघड करायचे असले की खेळणाऱ्याने एक ठोकळा खालून काढून वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा पडेल त्याचे पात्र कथेतून गेले. आकडा फिरवायला इथे जागाच नाही, कारण मनोऱ्याचे डगमगणे सर्वांना सारखेच दिसते. रात्र सरते तसे लोक श्वास रोखून बसतात, मेजाला धक्का लागू नये म्हणून कोपर आवरून घेतात. याच खेळात आणखी एक नियम आहे. खेळणाऱ्याला वाटले तर तो मनोरा जाणूनबुजून पाडू शकतो. मग त्याने योजलेले काम तडीस जाते, दार बंद होते, मागचे सोबती निसटतात, आणि तो स्वतः मागे राहतो. हात पुढे करण्यापूर्वी तो क्षणभर मनोऱ्याकडे पाहतो. मेजावरचे बाकीचे त्याच्याकडे पाहत असतात.