श्रद्धेचा सातबारा नसतो

माणूस मागे काय ठेवून जातो, हा प्रश्न मृत्यूइतकाच जुना आहे. जमीन, घर, दागिने यांची मोजदाद होते. वारसांची नावे सातबाऱ्यावर चढतात. परंतु आजीने आयुष्यभर जपलेल्या श्रद्धेचे काय? ती रक्ताबरोबर आपोआप नातवंडांकडे येते का?

संत पौलाने तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभीच याचे उत्तर आहे. तिमथीची निष्कपट श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होती, याचे पौल स्मरण करतो. आणि लगेच, लाभलेले कृपादान पुन्हा प्रज्वलित कर, असे त्याला सांगतो. आजीने विस्तव राखून ठेवला, हे खरे. पण फुंकर नातवालाच घालावी लागते.

चौथ्या शतकातील संत बेसील यांच्या आजी मॅक्रिना यांना ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात पतीसह पाँतसच्या अरण्यात सुमारे सात वर्षे राहावे लागले. त्यांच्याकडून व आईकडून बालपणी मिळालेली देवाविषयीची शिकवण आपण बदलली नाही, तिला वाढू दिले, अशा आशयाचे बेसील यांनी पुढे लिहिले. बीज तेच, वृक्ष मोठा!

आपल्या वसईतील आजींना अरण्यवास घडला नाही. त्यांची कसोटी वाडीत, विहिरीवर आणि बाजारात लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२-६५) मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. तिचे सारे शब्द त्यांना उमगत नसत. अर्थ मात्र आचरणात उतरे. दारी आलेल्याला त्या विन्मुख पाठवीत नसत. बांधावरून अबोला धरलेली जाऊ आजारी पडली, तर पेज घेऊन जात. रोझरीनंतर आशीर्वाद घ्यायला वाकलेली नातवंडे हे सारे पाहत होती. त्यांचे धर्मशिक्षण तिथेच सुरू झाले होते.

‘तो काळच साधा होता,’ असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. दारिद्र्य होते, साथी होत्या, पाळण्यातली मुले दगावत होती. क्षमा तेव्हाही स्वस्त नव्हती.

आज अनेक घरांत आजीच्या आत्मशांतीसाठी मिस्सा अर्पण केली जाते, आणि तिच्याच वाडीच्या हिश्श्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही. मग वारसा कोणता स्वीकारला? भिंतीवरची तसबीर आणि कपाटातली जपमाळ ही स्मृतीची चिन्हे आहेत, स्मृती नव्हे. पूर्वजांचे खरे स्मरण म्हणजे त्यांनी आरंभिलेले काम पुढे नेणे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धजनांसाठी नेमून दिला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला येशूचे आजी-आजोबा, संत अॅना व संत योआकीम, यांचा सण येतो. त्या निमित्ताने फुले वाहावीत, प्रार्थना करावी. आणि मग ज्या उंबरठ्यावर आपण वर्षानुवर्षे पाऊल ठेवले नाही, तेथे जाऊन यावे. आजी असती, तर ती आधीच तेथे पोहोचली असती.