आधी समजून घे, मग स्क्रू ड्रायव्हर घे

वालूर, ता. सेलू, जि. परभणी

चि. भाचेबुवांस,


दाजींच्या जुन्या गाडीतला सहा सीडींचा चेंजर अडकलाय, बटण दाबलं की आत नुसतं खर्र-खट्ट होतं आणि डिस्प्लेवर एरर येतो, एवढं तू फोनवर सांगितलंस. तिथल्या दुकानदारानं 'हे काढून टाका, अँड्रॉइड स्क्रीन बसवून देतो' असं म्हटल्याचंही सांगितलंस. आत गीतरामायणाच्या सीडी आहेत, म्हणून ताईचा जीव टांगणीला लागलाय. तुला फोनवरच उत्तर देता आलं असतं. पण चेंजर टेबलावर उघडला की दोन्ही हात गुंतलेले असतात आणि ऐकलेलं अर्धं विसरायला होतं. कागद शेजारी ठेवता येतो. आयुष्यभर रेडिओ-टेप उघडत आलो, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं लिहितो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर. चेंजर अडकतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्यातली ताकद संपलेली नसते. कोणती सीडी कुठे आहे हे त्याला कळेनासं झालेलं असतं. आत सीडी एकीखाली एक पातळ पट्ट्यांवर ठेवलेल्या असतात. रबरी रोलर सीडी आत-बाहेर करतात, दुसरी यंत्रणा हवा तो थर वाचनाच्या जागेसमोर आणते. या साऱ्यावर नजर ठेवायला बारीक स्विच आणि प्रकाशावर चालणारे सेन्सर असतात. स्विच म्हणतो सीडी बाहेर गेली, सेन्सर म्हणतो अजून आतच आहे. असा घोळ झाला की चिप सगळं जागच्या जागी थांबवते. ते थांबणं सीडी वाचवण्यासाठी असतं. म्हणून फटीत सुरी, तार, चिमटा घालून ओढाओढ करू नको. दुसऱ्या सीडीला चिकटपट्टी लावून आत सरकवायची युक्ती कोणी सांगितली, तर ऐकून सोडून दे. ती पट्टी आतच राहिली, तर एका अडचणीच्या दोन होतात.

तुझ्या पिढीला प्रश्न पडेल, एवढी गुंतागुंत केली कशाला? सीडी प्लेअर 1982 साली जपानात बाजारात आला, गाडीतले प्लेअर 1984 च्या सुमारास. बारा सेंटिमीटरच्या सीडीत 74 मिनिटांचं, फार तर 80 मिनिटांचं गाणं मावतं. गीतरामायणाची गाणी 56. ते 1955 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत असं सुरू झालं. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून 52 ची 56 गीतं झाली. गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा आवाज यांचा तो सारा ऐवज एका सीडीत बसणं शक्यच नव्हतं. गाडी चालवता चालवता सीडी बदलायची म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून सहा सीडी एकदा भरून ठेवायच्या आणि बटणावर बदलायच्या, ही सोय निघाली. पुढे एमपी3 आलं, एकाच सीडीत शंभरावर गाणी बसू लागली. मग पेन ड्राइव्ह आला आणि चेंजरचं काम संपलं. त्यामुळे नवीन सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. आत जे आहे ते न मोडता सोडवणं, हीच यातली खरी कारागिरी.

आता काम. गाडीचं काहीही सोडवण्याआधी रेडिओचा सिक्युरिटी कोड शोध. पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरी काढली की टेप कोड मागतो आणि कोड नसेल तर मुका होऊन बसतो. गाडीच्या मॅन्युअलच्या पाकिटात एखादं छोटं कार्ड असेल, ते बघ. नसेल तर टेपवरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचार. तोवर बॅटरीला हात लावू नको.

कोड हाती आला की न उघडता होणारे उपाय आधी कर. गाडी सावलीत लावून थंड होऊ दे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो आणि बंद गाडीत डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. फार तापल्यावर काही चेंजर स्वतःहून काम बंद करतात. मग मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून प्रयत्न कर. बॅटरी दमलेली असेल तर मोटरला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही, इंजिन चालू असताना तो साधारण 14 पर्यंत जातो. एकेक नंबर निवडून इजेक्ट दाब, नंतर इजेक्ट थोडा वेळ दाबून धर. काहीच हललं नाही तर इंजिन बंद करून रेडिओचा फ्यूज काढ, दहा-पंधरा मिनिटांनी परत लाव. वीज परत आल्यावर बऱ्याच चेंजरची यंत्रणा स्वतःला पहिल्या जागेवर आणायचा प्रयत्न करते. तेवढ्यात सीडी बाहेर आली, तर पुढचं सगळं वाचायचं कारण नाही.

नाहीच आली तर टेप बाहेर काढावा लागेल. किल्ली काढून घे, 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोड आणि एअरबॅग असलेल्या गाडीत मॅन्युअलमध्ये सांगितली असेल तेवढी मिनिटं थांब. पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नको, ते एअरबॅगचे असतात. डॅशबोर्डची पट्टी प्लास्टिकच्या पात्यानं सोडव, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरनं ओरखडे पडतात. टेपमागचे कपलर खटका दाबून काढ, वायर धरून ओढू नको. अँटेनाची तार वेगळी असते, ती विसरू नको.

टेबलावर पांढरं कापड अंथर. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि निघालेले स्क्रू त्याच क्रमानं कागदावर मांड. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या सर्किटला भोक पाडतो. वरचं झाकण काढलंस की सीडी कुठे थांबलीय ते दिसेल. चपट्या रिबन केबल दिसतील. त्यांच्या सॉकेटला छोटी खिट्टी असते, ती उघडूनच केबल काढायची. सीडी मधल्या चकतीवर वरून दाबून धरलेली असेल, तर ती पकड उचलल्याशिवाय सीडी हलणार नाही. रोलरमध्ये असेल तर रोलरचा गिअर बोटानं थोडा-थोडा फिरव. सीडी बाहेरच्या बाजूला सरकते का ते बघत राहा. अडलं तर उलट फिरवून परत ये. कुठेही जोर लावावासा वाटला की समज, अजून काहीतरी पकड सुटायची राहिलीय.

ताईच्या सीडी निघाल्या की त्या बाजूला ठेव आणि अडण्याचं कारण शोध. माझ्या अनुभवात ते बहुधा पुढच्यांपैकी एक निघतं. घरी भरलेल्या सीडीवर चिकटवलेलं कागदी लेबल उन्हानं सुटतं आणि रोलरला गुंडाळतं. एकाच वेळी दोन सीडी घातल्या जातात. आठ सेंटिमीटरची लहान सीडी या फटीत जाते, पण परत येत नाही. लहान पोरं फटीत नाणी, कार्ड घालतात. रबर गुळगुळीत होतं, ग्रीस वाळून गोंदासारखं होतं किंवा गिअरचा दात तुटतो. पहिली चार कारणं तू स्वतः निस्तरू शकतोस. रबर आणि ग्रीस साफ करता येतं. दात तुटला असेल तर मात्र त्याच मॉडेलचा जुना चेंजर शोधून त्यातला गिअर घ्यावा लागेल. मुंबईत कुर्ल्याला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे, तिथे विचार.

साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापर. रोलर धागे न सुटणाऱ्या कापडानं पूस. पेट्रोल, थिनर नको, त्यानं रबर आणि प्लास्टिक खराब होतं. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल तर अजिबात नको. वाळलेलं ग्रीस पुसून गिअरला प्लास्टिकला चालणारं ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लाव. रोलरवर त्याचा थेंबही पडू देऊ नको. लेन्स कापसाच्या काडीनं हलकेच पुसायची, दाबायची नाही. चेंजर उघडा असताना चालू केलास तर लेन्सकडे पाहू नको. सीडीचा लेझर 780 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. उजेड दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नये.

सीडी पुसण्याचीही रीत आहे. तिच्यावरची माहिती एकाच सलग वळणदार रेषेत असते, आपल्या वालूरच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्यांसारखी. फरक एवढाच की बारवेत आपण कडेवरून मध्याकडे उतरतो आणि लेझर मध्यातून कडेकडे जातो. दोन वळणांतलं अंतर अवघं 1.6 मायक्रॉन, सगळी रेषा उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. वाचताना अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट प्लेअर स्वतः गणितानं भरून काढतो. मध्यातून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वळणाला जेमतेम स्पर्श करतो, म्हणून तो चालून जातो; गोल ओरखडा एकाच वळणाची लांबच लांब माहिती खातो. तेव्हा मऊ कापडानं मध्यापासून सरळ कडेकडे पूस, गोल गोल घासू नको.

डॅशबोर्ड बंद करण्याआधी टेप जोडून बघ. आधी एकच चांगली मूळ सीडी घाल, वाजव, बाहेर काढ. मग दुसरी. सहाही आत-बाहेर झाल्या की मगच पट्टी बसव. पुढे कागदी लेबलवाली सीडी त्यात घालायची नाही, हे घरात सगळ्यांना सांग.

आता स्क्रीनबद्दल. मी काही नव्याच्या विरोधात नाही. नकाशा, गाडी मागे घेताना कॅमेरा, फोन. हे सगळं उपयोगाचं आहे. पण जुन्या पुष्कळ गाड्यांत त्याच टेपच्या वायरिंगवर घड्याळ, एसीचा डिस्प्ले, स्टेअरिंगवरची बटणं चालतात. दुकानदारानं वायरी कापून जोडल्या तर पुढे प्रत्येक इलेक्ट्रिशियन तुझ्यावर वैतागेल. स्क्रीन बसवायचीच असेल तर वायरी न कापता, त्या गाडीचा कपलर वापरून बसवायला लाव आणि काढलेला टेप घरी आण. काही टेपच्या चेंजर-सॉकेटला ऑक्सचा ॲडॉप्टरही बसतो. तो मिळाला तर फोनवरची गाणी त्याच जुन्या टेपमधून वाजतील आणि स्क्रीनचा खर्च वाचेल.

काय करायचं ते तू ठरव. मात्र कोणत्याही दुकानात गाडी सोडण्याआधी सहाही सीडी हातात घे. 'नंतर काढून देतो' या शब्दावर त्या मागे ठेवू नको. सीडी शाबूत निघाल्या की दुरुस्ती झाली असं मी मानेन. चेंजर पुन्हा वाजला तर तो वरचा नफा.

ताईला नमस्कार, दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा