वारंवार वेढला गेलेला गड

इंग्रजी व्याकरणात एक लहानसा नियम आहे. क्रिया किती वेळा घडली हे सांगणारे 'ऑल्वेज', 'ऑफन', 'सेल्डम', 'नेव्हर' यांसारखे शब्द कर्मणी प्रयोगाच्या भूतकाळी वाक्यात साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित यांच्या मधोमध बसतात: 'द फोर्ट वॉज ऑफन बिसीज्ड'. साहाय्यके दोन असली, तर शब्द पहिल्याच्या पाठोपाठ येतो: 'द फोर्ट हॅड ऑफन बीन बिसीज्ड'. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि साहाय्यक त्याच्याही मागून येत असल्यामुळे आपले 'वारंवार' साऱ्या क्रियापदसमूहाच्या आधी उभे राहते. म्हणून कोल्हापूर प्रांतीचा विद्यार्थी पन्हाळ्यावर इंग्रजी निबंध लिहावयास बसला, की 'द फोर्ट ऑफन वॉज बिसीज्ड' असे लिहून मोकळा होतो. मास्तर लाल शाईने खूण करतात, शब्द एक घर पुढे सरकतो आणि धडा संपतो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हाती धरून इंग्रजी शिकलेल्या पिढ्या अशाच दुरुस्त्यांवर वाढल्या, आणि ती दुरुस्ती योग्यच आहे. परंतु शब्द आपल्या जागी बसला एवढ्याने वाक्य खरे ठरत नाही, आणि पन्हाळ्याविषयी लिहिताना तर ही गोष्ट फारच प्रकर्षाने जाणवते.

'वारंवार' म्हणावयाचे तर त्या साऱ्या घटना एकाच जातीच्या आहेत असे आधी मानावे लागते. मोजणी ही सारख्या वस्तूंचीच होते. तेव्हा प्रत्येक घटनेच्या अंगावरचे तिचे स्वतःचे असे जे काही असेल ते उतरवून ठेवल्यावाचून तिला या शब्दात शिरता येत नाही. कर्मणी प्रयोग दुसऱ्या बाजूने असेच काम करतो. तो कर्त्याला वाक्याबाहेर नेतो, आणि त्याची उणीव व्याकरणाला मुळीच भासत नाही. ही दोन्ही एका वाक्यात एकत्र आली म्हणजे कोणी केले तेही जाते आणि त्या खेपेस काय घडले तेही जाते. शिल्लक राहतो तो केवळ गड आणि त्याच्यावर येत गेलेली एक निनावी आपत्ती.

आता पन्हाळ्यावर प्रत्यक्षात काय झाले ते पाहावे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून नांदता असलेला हा गड शिवाजी महाराजांनी अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी घेतला. पुढच्याच वर्षी मार्चात सिद्दी जौहरने वेढा घातला, आणि त्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन आपल्या तोफा व गोळे घेऊन, इंग्रजांचे निशाण फडकावीत, जौहरच्या मदतीस आला. जुलैच्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले, ते निसटू शकले याला पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद हा न्हावी महाराजांचा वेष धारण करून शत्रूच्या हाती गेला आणि प्राणाला मुकला, हेही एक कारण होते. गड मात्र त्या वर्षी आदिलशहाकडे गेला. १६७३ च्या मार्चात कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी रात्री कडा चढून तो परत घेतला. तेथे वेढा नव्हता, तोफ नव्हती, रसद तोडणे नव्हते. १७०१ साली औरंगजेब वार्धक्याने वाकलेला असताही जातीने गडाखाली तळ देऊन बसला, आणि इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस याने त्याची भेट घेतली ती त्याच छावणीत.

ह्या सर्वांना एका 'ऑफन'च्या पोटात घालणे म्हणजे शिवा काशीद, कोंडाजी आणि रेव्हिंग्टन या तिघांनाही सारख्याच निष्काळजीपणे पुसून टाकणे होय. पहिल्या दोघांचे ऋण बुडते, तिसऱ्याचा जबाब चुकतो.

यात इंग्रजी भाषेचा काही कट आहे असे मी मानीत नाही. कर्मणी प्रयोग आपल्यालाही परका नाही. जुन्या पत्रांच्या अखेरीस मोर्तबाच्या आधी येणारे 'जाणिजे' हे कर्मणीचेच जुने रूप आहे. मोरो केशव दामले यांनी आपल्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचाराला जी विस्तृत जागा दिली, ती हा विषय मराठीत खरोखरच गहन असल्यामुळे. आपल्या सकर्मक भूतकाळाची घडणच पाहावी. 'कोंडाजीने गड घेतला', 'कोंडाजीने चौकी घेतली': क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणजे वाक्याचा कल गडाकडे आहे, आणि तरीही कोंडाजी 'ने' प्रत्यय धारण करून वाक्यात उभाच आहे. कर्माला मान देण्यासाठी कर्त्याला हद्दपार करण्याची गरज आपल्या भाषेला पडली नाही. 'किल्ला घेतला गेला' ही धाटणी त्यामुळेच मराठी कानाला किंचित लंगडी वाटते. 'वारंवार वेढला गेला' तर थेट भाषांतराच्या वहीतून उठून आल्यासारखे वाटते, कारण मराठी माणूस सहजपणे 'वेढा पडला' म्हणतो, किंवा वेढा घालणाऱ्याचे नाव घेतो.

मग हा इंग्रजी प्रयोग सर्वस्वी त्याज्य का? तसे नव्हे. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारे आहेत. त्यांतील गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे अशी प्रसिद्धी आहे. जाड भिंतींच्या त्या थंड अंधारात उभे राहिले, की आतली उंची आणि रिकामेपण यांनी माणूस काही वेळ बोलेनासा होतो. तेथे दर सुगीला धान्य कोणी वाहिले, मापे कोणी टाकली, कीड लागू नये म्हणून कोणी काय केले, यांची नावे कोणत्याही दप्तरात आपल्याला मिळावयाची नाहीत. आणि ती कामे खरोखरच पुनःपुन्हा, सारख्याच रीतीने, पिढ्यान् पिढ्या होत आली. हवालदार, सबनीस, कारखानीस बदलत, नाईकवाडी म्हातारे होत, परंतु तिन्हीसांजेला दरवाजे मिटत आणि सकाळी उघडत. येथे 'द गेट्स वेअर ऑल्वेज क्लोज्ड' हे वाक्य यथार्थ आहे. त्यात कर्ता लपविलेला नाही, तो एक असा नव्हताच.

आणि याच ठिकाणी मराठीकडे एक फार सुंदर साधन आहे, ज्याचा आपल्या विद्यार्थ्यांना जवळजवळ विसर पडला आहे. ते म्हणजे रीतिभूतकाळ. 'तिन्हीसांजेला दरवाजे लावीत', 'सुगीला कोठारे भरीत', 'धान्य मापून घेत'. कर्ता उच्चारलेला नाही, पण क्रियापदाचे अनेकवचन कोणी माणसे तेथे होती याची साक्ष देते. आणि वारंवारता सांगण्यासाठी वेगळे अव्ययही लागत नाही, ती क्रियापदाच्या रूपातच मुरलेली असते. बोलण्यात आपण 'लावायचे', 'भरायचे' म्हणतो, तेही तेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरणात अशाच कामांची तजवीज 'करावे', 'ठेवावे' या विध्यर्थी रूपांनी सांगितली आहे, कारण तो नियम पुढे येणाऱ्या प्रत्येक हवालदाराला लागू व्हावयाचा होता. ज्या अमात्यांनी गडांचा हा कारभार लेखणीने बांधून दिला, त्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. 'द गेट्स वेअर ऑल्वेज क्लोज्ड' याचे मराठी करताना विद्यार्थी 'दरवाजे नेहमी बंद केले जात असत' असे सहा शब्द खर्चून लिहितो, तेव्हा त्याला 'दरवाजे लावीत' हे दोनच शब्द दाखविणारा शिक्षक त्याला इंग्रजी व मराठी दोन्ही शिकवीत असतो.

सर्वांत सावध राहावे लागते ते १८४४ साली. वंशपरंपरेने गड राखणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनी व त्यांचा कारभार मामलेदारांच्या हाती जाऊ लागला, तेव्हा ते बिथरले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवण्यापर्यंत त्या बंडाची मजल गेली. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने तोफांनी तट फोडून गड घेतला, आणि पुढे तटबंदी व चार दरवाजा जमीनदोस्त केला. सरकारी भाषेत याची नोंद 'तटबंदी पाडण्यात आली' अशी होते. '-ण्यात आले' ही वाक्यरचना आता आपल्या कचेऱ्यांतून, नोटिशींतून आणि दुर्दैवाने शाळेच्या इतिहासातूनही इतकी रुळली आहे, की तिच्यात कोणी पाडली हा प्रश्न विचारण्याची सवयच मोडते. आज मोटारीने गडावर येणारा प्रवासी जेथून आत शिरतो, तेथे एके काळी चार दरवाजा होता. त्याच्याविषयी लिहिताना 'ऑफन' लागत नाही, 'सेल्डम'ही लागत नाही. तो एकदाच पाडला, आणि तो इंग्रजांनी पाडला.