शून्य कोण भरतं?

सी भाषेच्या प्रमाणात एक साधं वचन आहे: ग्लोबल व्हेरिएबलला तुम्ही काहीच किंमत दिली नाहीत, तर ते शून्यापासून सुरू होईल. कॉलेजात हे वाक्य मी पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि दोन मार्क मिळवले. हे वचन पाळतं कोण, असं कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही.

लॅपटॉपवर हा प्रश्न पडतच नाही. लिनक्स एखाद्या प्रोग्रॅमला मेमरीचं कोरं पान देतो तेव्हा ते पुसून देतो, कारण त्यावर दुसऱ्या कोणाचा पासवर्ड उरलेला असू शकतो. शून्य पत्त्यावर हात घातलात तर प्रोग्रॅम तिथेच मारला जातो आणि पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असं लिहून येतं. मेन फंक्शन संपलं की परत जायला जागा असते. हे सगळं पावसासारखं, आपोआप होतं असं वाटतं.

मायक्रोकंट्रोलरवर ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय सी चालवायला घेतलं की यातलं काहीच नसतं. कॉर्टेक्स-एम जातीची चिप जागी होते तेव्हा तिला दोनच गोष्टी ठाऊक असतात. टेबलातल्या पहिल्या शब्दातून ती स्टॅकचा पत्ता उचलते, दुसऱ्यातून पहिल्या सूचनेचा, आणि चालू लागते. किंमत दिलेली व्हेरिएबल्स फ्लॅशमधून रॅममध्ये आणून ठेवायची, न दिलेल्यांच्या जागेत शून्य भरायचं, मग मेनला हाक मारायची, हे सगळं स्टार्टअप कोड नावाच्या वीस-तीस ओळी करतात. त्या कोणीतरी लिहिलेल्या असतात. शून्य पत्ता वाचलात तर बऱ्याच चिपवर कोणी ओरडत नाही. तिथे ते टेबलच असतं, त्यातला आकडा मुकाट हातात पडतो.

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरसाठी मी असा कोड लिहिला होता. विहिरीचं पाणी संपलं की मोटारचा करंट कमी होतो. तो ओळखून मोटार बंद करायची. चाचणीच्या सोयीसाठी हे संरक्षण बाजूला ठेवणारं एक व्हेरिएबल होतं. शून्य असेल तर संरक्षण चालू, नाहीतर बंद. त्याला किंमत दिली नव्हती. भाषेचं वचन होतंच की! पण लिंकर स्क्रिप्ट मी हाताने लिहिली होती, आणि शून्य भरायची जागा कुठे संपते याची खूण काही ओळी आधीच पडली होती. ते व्हेरिएबल खुणेच्या पलीकडे राहिलं.

टेबलावर हे कधीच दिसलं नाही. चाचणीत मी संरक्षण एकदा बंद करून परत चालू केलं होतं, म्हणजे तिथे शून्य होतंच, आणि बोर्डाची वीज मी काढतच नव्हतो. शेतात मात्र लाइट आठ-आठ तास जाते. परत येते तेव्हा रॅममध्ये काय असेल याचा नेम नसतो. एका विहिरीवर मोटार कोरडी चालत राहिली आणि जळाली.

दोष फिटरवर आला. वायर चुकीची जोडली असणार, असं ठरलं आणि रिवाइंडिंगचा खर्च त्याच्या बिलातून कापला गेला. चूक मला सापडली ती तीन महिन्यांनी, वेगळंच काहीतरी शोधताना. दुरुस्ती एका ओळीची होती. बदलाच्या नोंदीत मी ‘स्टार्टअप कोडची सफाई’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

त्या तीन शब्दांवर मी बरेच दिवस अडकलो होतो. स्वतःला सांगत होतो, की मला माहीत नव्हतं. प्रत्येक जण कुठल्यातरी थरावर विश्वास टाकूनच काम करतो. मी कंपायलर लिहिलेला नाही, चिपचं सिलिकॉन तपासलेलं नाही. ‘बेअर मेटल’ हा शब्दही तसा फसवाच. त्या धातूतही शेकडो लोकांचं काम आहे. सगळं खालपर्यंत जाणणं ही नैतिकतेची अट असेल, तर कोणालाच काही बनवता येणार नाही.

हा युक्तिवाद मला आजही बरोबर वाटतो. फक्त तो चूक घडण्याबद्दल आहे. चूक सापडल्यानंतर काय करायचं, याबद्दल तो काही बोलत नाही. मोटार जळाली तेव्हा मला माहीत नव्हतं. नोंद लिहिताना माहीत होतं. अज्ञानाची माफी ज्ञान होईपर्यंतच चालते. तिथून पुढे फिटरवरचा दोष माझ्या गप्प बसण्यावर टिकून होता.

ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या चुका थांबवत नाही, हे मला उशिरा कळलं. ती त्या बोलून दाखवते. ती नसते तिथे बोलायचं काम उरतं, आणि ते कोणाच्यातरी वाट्याला येतं. आलं नाही, तर दोष उताराने वाहत जातो आणि ज्याच्याकडे स्वतःच्या बाजूचा पुरावा नाही त्याच्या दारात साचतो. फिटरकडे कसला पुरावा असणार?

मी मॅनेजरला सांगितलं. कापलेले पैसे परत मिळाले. मग फिटरला फोन केला. तो रागावेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “साहेब, मी तीनदा बघितलं होतं. वायर बरोबर होती. पण तुम्ही सगळे म्हणालात, मग मलाच वाटलं, आपला हात गेला.”

पैशांचा हिशेब मला येत होता. हा आला नव्हता.

आता मी त्या व्हेरिएबलसमोर स्वतः शून्य लिहितो. गरज नसते, भाषेचं वचन अजूनही तेच आहे.