देवदूतांच्या नांवांची साक्ष
(वाचनपाठ: प्रकटीकरण २२:८, ९)

आपल्या पवित्र शास्त्रांत आद्यदेवदूत म्हणून नांवानिशीं एकट्या मीखाएलाचा उल्लेख आहे (यहूदा ९). गब्रीएल हा जखऱ्यास व मरीयेस शुभवार्ता आणणारा दूत. रफाएल हा तोबीताच्या ग्रंथांत व ऊरीएल यहूद्यांच्या इतर प्राचीन ग्रंथांत आढळतो. ते ग्रंथ आपण शास्त्र म्हणून मानीत नाहीं.

परंतु या चारही नांवांच्या शेवटीं ‘एल’ आहे, व इब्री भाषेंत त्याचा अर्थ देव. मीखाएल म्हणजे देवासारखा कोण? गब्रीएल म्हणजे देवाचा वीर, रफाएल म्हणजे देव बरें करितो, ऊरीएल म्हणजे देव माझा प्रकाश. दूत आपल्या नांवानेंही धन्याकडेच बोट दाखवितो. सैतानाशीं वाद झाला, तेव्हां मीखाएलानेंही स्वतः दोष न ठरवितां न्याय प्रभूवर सोंपविला.

आपल्या वऱ्हाडांत, अमरावतीकडे असो कीं अकोल्याकडे, लेंकरूं तापानें फणफणलें कीं देवदूताच्या नांवाचा ताईत बांधा, असें सांगणारा कोणी भेटतोच. बंधूंनो, पूर्वीं तहसीलदाराचा हुकूम कोतवाल दवंडी पिटून गांवास कळवीत असे. म्हणून कोणी कोतवालाकडे अर्ज करीत असे काय? योहान दूताच्या पायां पडूं लागला, तेव्हां दूतानेंच त्यास आवरिलें व देवाला नमन करावयास सांगितलें.

यास्तव आजारी लेंकरास दवाखान्यांत न्यावें, आणि त्याच्या उशाशीं बसून येशूच्या नांवानें पित्याजवळ मागावें. रफाएल हें नांवही हेंच सांगतें: बरें करितो तो देव, दूत नव्हे.